खेळाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. मुलं झोपल्यावर चहा घेऊन वाचा. खरं तर मुलांना शेजारी बसवून वाचलीत तर जास्त बरं.

गेले काही महिने आपल्या पालकांच्या ग्रुप्सवर दोन प्रकारचे मेसेज फिरतायत. पहिला प्रकार जुनाच आहे: "गेम म्हणजे व्यसन, राउटर बंद करा." दुसरा नवा आहे आणि मला तोच जास्त धोक्याचा वाटतो: "ई-स्पोर्ट्स आता एशियन गेम्समध्ये पदकाचा खेळ आहे, युरोपची स्वतंत्र फेडरेशन आहे, भारत सरकारनेही मान्यता दिली आहे, मुलाचं टॅलेंट वाया घालवू नका." आणि खाली कुठल्यातरी अकॅडमीची लिंक. फेडरेशन हा शब्द दिसला की आपण मराठी पालक जरा सैल पडतो. बोर्ड, युनिव्हर्सिटी, फेडरेशन, शासनमान्य. शिक्का दिसला की हात आपोआप पाकिटाकडे जातो.

मी पेशाने सीए. आर्टिकलशिप पुण्यात झाली, आता आल्मेरेत राहते आणि ट्रेनने ॲम्स्टरडॅमला जाऊन लोकांची खाती तपासते. घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे, म्हणजे विषय काही पुस्तकी नाही. आमच्या धंद्यात कागदावरचा शिक्का नंतर बघतात. आधी मालमत्ता कोणाच्या नावावर आहे ते बघतात. गावाकडच्या भाषेत, सातबारा काढतात. तर चला, या खेळाचा सातबारा काढू.

आधी आपल्या ओळखीचा खेळ घ्या. इथली फुटबॉल संघटना, केएनव्हीबी, १८८९ सालची. तिच्याकडे लीग आहे, पंच आहेत, शिस्तपालन समिती आहे, पण फुटबॉल तिच्या मालकीचा नाही. फुटबॉल कोणाच्याच मालकीचा नाही. आमची आल्मेरे सिटी २०२३ मध्ये पहिल्यांदा एरेडिव्हिसीत चढली आणि २०२५ मध्ये खाली आली. दोन्ही वेळा मैदानावरच्या निकालांनी ठरवलं, चेंडू बनवणाऱ्या कंपनीने नाही. उद्या केएनव्हीबी बुडाली तरी आमच्या घरामागच्या मैदानात संध्याकाळी पोरं चेंडू लाथाडणारच. क्रिकेटचं बघा. त्याच्या कायद्यांचा कॉपीराइट लंडनच्या एमसीसीकडे आहे, पण म्हणून आपण लहानपणी सोसायटीत "एक टप्पा आउट", "कंपाउंडबाहेर गेला तर आउट" असे नियम करताना लॉर्ड्सला पत्र लिहिलं होतं का?

आता ई-स्पोर्ट्स. लीग ऑफ लेजेंड्स आणि व्हॅलोरंट रायट गेम्सचे, आणि रायट टेन्सेंटच्या मालकीची. काउंटर-स्ट्राइक आणि डोटा २ व्हॉल्वचे. ईए स्पोर्ट्स एफसी ईएचा. इथे मैदान कंपनीचं, चेंडू कंपनीचा, स्कोअरबोर्ड कंपनीचा. नियमसुद्धा कंपनीच बदलते, तेही वर्षातून अनेकदा, नवा अपडेट टाकून. कालपर्यंत जे पात्र भारी होतं ते आज कमजोर. अंगणात हा खेळ खेळता येत नाही, कारण अंगणच भाड्याचं आहे. सर्व्हर बंद, खेळ बंद. यूबीसॉफ्टने "द क्रू" हा गेम ३१ मार्च २०२४ ला असाच बंद केला, विकत घेतलेल्यांसाठीसुद्धा. त्यावरून युरोपात जी नागरिकांची याचिका निघाली तिच्यावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

हे माझं एकटीचं मत नाही. युरोपियन संसदेने १० नोव्हेंबर २०२२ च्या ठरावात ई-स्पोर्ट्सचं भरपूर कौतुक केलं, युरोपने या क्षेत्रासाठी धोरण आखावं असंही म्हटलं. त्याच ठरावात असंही म्हटलं आहे की ई-स्पोर्ट्स आणि खेळ ही दोन वेगळी क्षेत्रं आहेत, कारण हे गेम खासगी कंपन्यांच्या मालकीचे आहेत आणि त्यांच्यावर संपूर्ण कायदेशीर ताबा त्या कंपन्यांचा आहे. म्हणजे सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे ते संसदेनेच वाचून दाखवलं. मग ज्या खंडीय फेडरेशनचं नाव त्या उताऱ्यावर कुठेच नाही, ती नक्की कशावर राज्य करते?

याचं उत्तर तुम्हाला आशियात मिळेल, आणि ते आपल्या भारतीयांच्या वाट्याला आलेलं आहे.

२०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्स पहिल्यांदा प्रदर्शनीय खेळ म्हणून आला. भारताला त्यात एक कांस्य मिळालं. भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन नावाच्या पत्त्यांच्या गेममध्ये ते मिळवलं. तेव्हा पदकतालिकेत ते धरलं नाही, पण पुढच्या वेळी धरणार होते. हांगझोउच्या एशियन गेम्समध्ये, म्हणजे ज्या २०२२ ऐवजी सप्टेंबर २०२३ मध्ये झाल्या त्या, ई-स्पोर्ट्स पूर्ण पदकाचा खेळ झाला. आशियाई ई-स्पोर्ट्स फेडरेशनने आणि ऑलिम्पिक कौन्सिल ऑफ एशियाने आठ गेम जाहीर केले. हार्थस्टोन त्यात होता. भारतात निवड स्पर्धा झाली, खेळाडू निवडले गेले.

आणि मग जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझार्ड ही अमेरिकन कंपनी आणि नेटईझ ही चिनी कंपनी यांचा करार संपला. नूतनीकरणावर एकमत झालं नाही. चीनमध्ये ब्लिझार्डचे सर्व्हर बंद झाले. हार्थस्टोन यादीतून गेला. आठाचे सात झाले.

डोळ्यांसमोर आणा. कुस्तीची चटई बनवणारी कंपनी आणि तिचा चिनी वितरक यांचं भांडण झालं, म्हणून एशियन गेम्समधून कुस्तीचा एक वजनगटच रद्द. खाशाबा जाधवांपासून राहुल आवारेपर्यंतच्या आपल्या एकाही पैलवानावर असली वेळ आली नाही. आपल्या कुस्ती फेडरेशनचे तमाशे आपण पाहिलेत, २०२३ मध्ये जागतिक संघटनेने तिला निलंबितही केलं. पण ते फेडरेशनने फेडरेशनला केलं. फिफानेसुद्धा ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाला अकरा दिवस बाहेर ठेवलं होतं. बरोबर की चूक ते सोडा. वरची संघटना खालच्या संघटनेला जाब विचारू शकते एवढं त्यातून दिसतं. हार्थस्टोनच्या वेळी खंडाची सर्वोच्च संस्था, तिच्या पाठीशी ऑलिम्पिक कौन्सिल, यजमान साक्षात चीन. आणि दोन कंपन्यांच्या करारापुढे काहीही चाललं नाही. निवड झालेल्या मुलांनी सराव केला होता तो गेला.

"नवीन आहे हो, वेळ द्या, हळूहळू ताकद येईल," असं मला कोणीतरी सांगणार. मग कोरियाकडे बघा. त्यांची केस्पा ही ई-स्पोर्ट्स संघटना २००० सालची आहे, सरकारच्या संमतीने उभी राहिलेली, मागे मोठमोठ्या कंपन्यांचे संघ, दोन टीव्ही वाहिन्या. जगात याहून ताकदवान ई-स्पोर्ट्स संघटना दुसरी झाली नसेल. २०१० मध्ये सामने फिक्स करणाऱ्या अकरा खेळाडूंना तिने आजन्म बाहेर काढलं; तेवढी धमक होती. त्याच वर्षी ब्लिझार्डने सांगितलं की स्टारक्राफ्ट आमचा आहे, प्रक्षेपणाचे हक्क आमचे, आणि ते आम्ही केस्पाला नाही, दुसऱ्याच कंपनीला देतोय. प्रकरण कोर्टात गेलं. मे २०११ मध्ये तडजोड झाली. ती तडजोड म्हणजे, ज्या खेळावर केस्पाने दहा वर्षं आपलं घर बांधलं, तो खेळवण्यासाठी मालकाचा परवाना घ्यायचा. दहा वर्षांच्या संघटनेची ही गत.

आता आपल्या खंडाकडे येऊ. युरोपियन ई-स्पोर्ट्स फेडरेशन फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रुसेल्समध्ये स्थापन झाली. २३ देशांच्या राष्ट्रीय संघटना एकत्र आल्या, जर्मनीचे हान्स याग्नो पहिले अध्यक्ष झाले. ही माणसं लबाड आहेत असं मी मुळीच म्हणत नाहीये. खेळाडूंचं प्रतिनिधित्व, प्रामाणिक खेळ, शिक्षण, जबाबदारीने खेळणं, सगळे हेतू चांगले आहेत. बऱ्याच देशांत हे काम स्वयंसेवक करतात, आणि स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे. (आमच्या फुटबॉल क्लबच्या कँटीनमध्ये माझीही पाळी लागते. कोकणस्थ घरातली मी, शनिवारी सकाळी फ्रिकान्डेल तळत उभी असते.)

पण हेतू आणि अधिकार यांत फरक असतो. यूएफा १९५४ ची. एप्रिल २०२१ मध्ये बारा श्रीमंत क्लबांनी सुपर लीग काढायचं ठरवलं. यूएफाने तुमचे खेळाडू आमच्या स्पर्धांत दिसणार नाहीत असा दम भरला, प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांत बहुतेक क्लब माघारी आले. त्या दमदाटीवर युरोपियन न्यायालयाने नंतर ताशेरे ओढले, ते योग्यच झालं. तरी खंडीय संस्थेला दात असतात म्हणजे काय, ते तेव्हा दिसलं. युरोपची ई-स्पोर्ट्स फेडरेशन रायटला किंवा ईएला असा कोणता दम देणार? त्यांच्या मोठ्या स्पर्धा त्या स्वतः भरवतात किंवा परवाना देऊन भरवायला लावतात. फेडरेशनच्या परवानगीची त्यांना गरजच नाही. गरज उलट्या बाजूने आहे.

मग आपल्या मुलांचं रक्षण आजवर केलं कोणी? मी नेदरलँड्सचंच सांगते, कारण इथले निकाल वाचलेत.

इथल्या जुगार नियामकाने, कान्सस्पेलआउटोरिटाइटने, एप्रिल २०१८ मध्ये दहा गेममधल्या लूट बॉक्सची तपासणी केली. लूट बॉक्स म्हणजे पैसे देऊन घ्यायचं बंद पाकीट. आत काय निघेल ते नशीब. दहापैकी चारांमध्ये जुगार कायद्याचा भंग होतो असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढे फिफा गेममधल्या खेळाडूंच्या पाकिटांवरून त्यांनी ईएला एक कोटी युरोपर्यंतचा दंड लावला, हेगच्या कोर्टाने २०२० मध्ये तो उचलून धरला. ९ मार्च २०२२ ला राड फान स्टाटने, म्हणजे इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, तो रद्द केला: पाकीट हा वेगळा जुगार नाही, कौशल्याच्या मोठ्या खेळाचा भाग आहे. शेजारच्या बेल्जियमने २०१८ मध्येच ही पाकिटं जुगार ठरवली आणि ईएने जानेवारी २०१९ पासून तिथे फिफा पॉइंट्स विकणं थांबवलं. म्हणजे ब्रेडाच्या मुलाला पाकीट मिळतं आणि तासाभरावरच्या अँटवर्पच्या मुलाला मिळत नाही. मे २०२४ मध्ये इथल्या ग्राहक प्राधिकरणाने, एसीएमने, फोर्टनाइटच्या एपिक कंपनीला ११ लाख २५ हजार युरोंचा दंड केला. कारण? "आत्ताच घ्या" अशा हुकमी जाहिराती आणि दुकानातलं उलटं धावणारं घड्याळ, दोन्ही मुलांवर दबाव आणणारं.

आता हिशेब बघा, हा माझा प्रांत आहे. ईएच्या वार्षिक अहवालात मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात अल्टिमेट टीम या प्रकारातून आलेला महसूल सुमारे १६२ कोटी डॉलर आहे, कंपनीच्या एकूण महसुलाच्या २९ टक्के. त्यातला मोठा वाटा फुटबॉलचा. रद्द झालेला दंड एक कोटी. आणि त्याच गेमच्या २०२३ च्या आवृत्तीच्या डब्यावर वयाचा शिक्का काय होता माहितीये? पेगी ३. म्हणजे तीन वर्षांपासून पुढे कोणीही. खाली बारीक अक्षरात "खरेदीत यादृच्छिक वस्तूंचा समावेश". पेगी ही व्यवस्था २००३ मध्ये गेम कंपन्यांच्याच युरोपीय संघटनेने उभी केली. त्या संघटनेच्या तेव्हाच्या नावातही "फेडरेशन" हा शब्द होता बरं का. एक फेडरेशन विक्रेत्यांची, एक खेळाडूंची, आणि आपण दोन्ही नावांसमोर सारखेच हात जोडतो.

नियामक असोत, न्यायालय असो, कोणीतरी निदान विचारलं. ज्याच्या हातात दंडाची पावती आहे त्याने विचारलं. माझी तक्रार अशी आहे की खंडीय फेडरेशनकडे पावतीपुस्तक नसेल, ठीक. पण एक गोष्ट तिच्याही हातात आहे आणि ती वापरायला हवी. त्याकडे येते.

त्याआधी प्रमाणपत्रांबद्दल, कारण कित्येक जण त्यासाठीच पैसे भरतायत.

मागच्या वर्षी मला एक ईमेल आला. नाव लिहीत नाही, त्यांना फुकटची जाहिरात नको. तुमचा मुलगा "युरोपियन ज्युनियर सिलेक्शन"साठी निवडला गेला आहे, नोंदणी १४५ युरो, शेवटी खंडीय पातळीचं प्रमाणपत्र, जे "विद्यापीठ प्रवेशात उपयोगी पडतं". मी उलट तीन प्रश्न पाठवले. तुमचा केव्हीके नोंदणी क्रमांक काय? तुमची राष्ट्रीय फेडरेशन कोणती आणि तिने ही निवड केल्याचं पत्र कुठे आहे? माझ्या मुलाशी गेममध्ये बोलणारा प्रशिक्षक कोण आणि त्याची व्हीओजी आहे का? उत्तरात मला एक लोगो आला. मोठ्या रिझोल्यूशनचा.

आपण महाराष्ट्रातून आलोय, आपल्याला हे नवीन नसावं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आणि त्यासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रं, ट्रॅम्पोलिनची वगैरे, हे प्रकरण आठवतंय ना? ज्यांनी आयुष्यात ट्रॅम्पोलिनवर उडी मारली नाही ते खेळाडू कोट्यातून साहेब होऊ पाहत होते. तिथे निदान सत्तर जणांनी ओळखलेला खेळ होता, संघटना होती, कागद तपासणारं क्रीडा खातं होतं. इथे गेम कंपनीचा, स्पर्धा तिसऱ्याची, प्रमाणपत्र चौथ्याचं. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे आला आणि ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या गेमवर बंदी घालून ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. चांगलं झालं. पण त्या मान्यतेचा आल्मेरेतल्या, डब्लिनमधल्या किंवा म्युनिकमधल्या अकॅडमीच्या पावतीशी काडीचा संबंध नाही.

आणि ऑलिम्पिकचं गाजर. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२४ मध्ये सौदी अरेबियाबरोबर ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स गेम्ससाठी बारा वर्षांचा करार जाहीर केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोघांनी तो संपवला. पहिली स्पर्धा होण्याआधीच. ज्यांनी "२०२७ ची तयारी" म्हणून फी घेतली, त्यांनी ती परत केली का, तेवढं विचारा.

राउटर बंद करणाऱ्यांनाही दोन शब्द. तुम्ही जिंकलात असं समजू नका. हांगझोउमध्ये कोरियाने लीग ऑफ लेजेंड्सचं सुवर्ण मिळवलं आणि फेकर या नावाने खेळणारा ली सांग-ह्योक आणि त्याचे सहकारी लष्करी सेवेतून सुटले, जशी सवलत तिथे बाकीच्या सुवर्णविजेत्यांना मिळते. भारताचा संघ त्याच स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, व्हिएतनामकडून हरला. या मुलांची मेहनत खरी आहे. माझा मुलगा सामना हरला की त्याची रेकॉर्डिंग बघून चूक शोधतो. गणितात तेवढं करत नाही, हे वेगळं. बंदी घालून तुम्ही मुलाला दार लावून एकटं खेळायला शिकवता, आणि एकट्या मुलालाच पाकीट विकणं सोपं जातं.

तर, फेडरेशनच्या हातात काय आहे? यादी. कुठला गेम राष्ट्रीय जर्सी घालून खेळायचा, कुठल्या गेमला "युरोपियन चॅम्पियनशिप" म्हणायचं, हे ती ठरवते. कंपन्यांकडे पैसा आहे, प्रेक्षक आहेत, स्टेडियम आहेत. एकच गोष्ट विकत मिळत नाही: देशाचा झेंडा, आणि आपल्यासारख्या संशयी पालकांची मान डोलावणं. त्यासाठी त्या वाकतात. पुरावा हांगझोउमध्येच आहे. तिथे पब्जी मोबाइल खेळवला गेला तो नेहमीचा नव्हता. एशियन गेम्ससाठी वेगळी आवृत्ती केली होती. त्यात खेळाडू एकमेकांना मारत नव्हते, शर्यत करत लक्ष्यांवर नेम धरत होते. गेमचा आत्माच काढून ठेवला म्हणा ना, आणि कंपनीने तो काढून दिला. झेंड्यासाठी बंदुकीचं तोंड वळवता येतं, तर दुकानाचं शटर का ओढता येणार नाही?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना जिथे प्रवेश आहे अशा कुठल्याही खंडीय किंवा राष्ट्रीय स्पर्धेत, पैशाचं बंद पाकीट विकणारा गेम घ्यायचा नाही. घ्यायचा असेल तर पाकीट बंद केलेली आवृत्ती मागायची. कंपनी नाही म्हणाली तर त्या गेमला झेंडा नाही. "मग आमच्याकडे गेमच उरणार नाहीत," असं फेडरेशनवाले म्हणतील. उरले नाहीत तर मग ती फेडरेशन कोणाची होती, ते तरी स्पष्ट होईल. आणि हार्थस्टोनसारखं पुन्हा होऊ नये म्हणून, यादीतल्या प्रत्येक गेमच्या मालकाकडून लेखी घ्यायचं की पात्रता फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत सर्व्हर आणि परवाना चालू राहील. साध्या हॉलचं बुकिंग करताना आपण गणपतीच्या कार्यक्रमासाठी याहून कडक करार करतो. २०२६ च्या आयची-नागोया एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्स आहेच, तेव्हा आशियातल्या पालकांनीही हे आपल्या संघटनांना विचारायला हरकत नाही.

हे वरचं झालं. खालचं आपल्या हातात आहे आणि डच कायद्यात तयार आहे. इथली प्रत्येक संघटना, मग ती टेनिसची असो की कबुतरांची, वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत सदस्यांच्या सभेपुढे हिशेब ठेवते. ऑडिटरचा अहवाल नसेल तर सभासदांतूनच किमान दोघांची कासकोमिसी नेमावी लागते, आणि ते दोघे कार्यकारिणीत असून चालत नाहीत. मी आमच्या क्लबच्या कासकोमिसीवर दोन वर्षं होते. कॉफीच्या कपांची बिलंसुद्धा मोजली. मुलांबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांना व्हीओजी, म्हणजे चारित्र्याचा दाखला, फुकट मिळायची सोय आहे. म्हणजे "आम्ही छोटे आहोत, परवडत नाही" हे कारण चालत नाही. मुलाला ई-स्पोर्ट्स खेळायचाच असेल तर असा क्लब शोधा, जिथे आठवड्याचा ठराविक वार आहे, खरी खोली आहे, माणसांचे चेहरे दिसतात, सभासद म्हणून तुम्हाला मत आहे. नसेल तर चार घरांनी मिळून काढा. सभागृहाची चौकशी आपल्याला चांगली करता येते. आणि कोणी करार पुढे केला तर लक्षात ठेवा, इथे अठराखालच्या मुलाच्या असल्या करारावर तुमची संमती लागते. सही करण्याआधी बक्षिसाची रक्कम कोणाच्या खात्यात जाणार, स्ट्रीमिंगचं उत्पन्न कोणाचं आणि करार मोडायचा तर काय, ही तीन कलमं वाचा. कोरियात २०१४ मध्ये खेळाडूंसाठी किमान पगार आणि किमान एक वर्षाचा करार ठरला तेव्हा संघटना आणि गेमची कंपनी एका टेबलावर बसल्या होत्या. आपल्या मुलांसाठी युरोपात ते टेबल अजून मांडायचं आहे.

पत्र मी लिहून ठेवलंय, डच आणि इंग्रजीत, दीड पान. एक प्रत युरोपियन फेडरेशनला, एक आपापल्या देशाच्या राष्ट्रीय संघटनेला. जर्मन आणि फ्रेंच मसुदा कोणी करून देईल का? म्युनिक, पॅरिस, झ्युरिकवाले, तुमच्याकडेच बघतेय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी देश आणि गाव एवढंच लिहा, मुलाचं नाव आणि गेममधलं टोपणनाव अजिबात नको. महिनाअखेरीस पाठवणार आहे. उत्तर आलं की इथेच टाकीन, आणि लोगो आला तर तोही टाकीन.